नावेमागची नाव



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना थोडें नवल वाटलें असेल. खानदेशच्या मास्तरानें कापसाविषयीं बोलावें, केळीच्या बागांविषयीं बोलावें, फार तर वांग्याच्या भरताविषयीं दोन शब्द सांगावे. त्यानें होड्यांच्या गोष्टी सांगाव्या, हें कोंकणच्या माणसानें उंटाची परीक्षा करण्यासारखें झालें, असेंहि कोणी म्हणेल. परंतु ज्या प्रदेशाला समुद्र नाहीं त्याला पाणीच नाहीं, असें थोडेंच आहे? मुलताईस उगम पावलेली आपली तापी सुरतेजवळ समुद्रास मिळेपर्यंत ७२४ किलोमीटर वाहते, आणि त्या वाटेवरचा मोठा पल्ला ती आपल्या खानदेशांतून चालते. चांगदेवापाशीं तिला पूर्णा भेटते. पुढें वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि प्रकाशें येथें गोमाई. इतक्या नद्यांच्या कांठीं राहणाऱ्या माणसाला नावेचें नांव अपरिचित असावयाचें कारण नाहीं.

शिवाय गेल्या कांहीं दशकांत हें पाणी पूर्वींसारखें राहिलेलें नाहीं. भुसावळजवळ हतनूरचें धरण झालें. खालीं सुलवाडें, सारंगखेडें व प्रकाशें येथें तापीवर बंधारे झाले. जेथें उन्हाळ्यांत गुडघाभर पाण्यांतून बैल उतरत, तेथें आतां पुष्कळ महिने खोल पाणी उभें असतें. सातपुड्यापलीकडे तर याहून मोठा फेरबदल झाला. पूर्वींच्या धुळें जिल्ह्यांतून १ जुलै १९९८ रोजीं नंदुरबार जिल्हा वेगळा करण्यांत आला. त्याच्या अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांची उत्तर सीमा नर्मदेची. सरदार सरोवराचें पाणी चढत चढत सप्टेंबर २०१९ मध्यें प्रथमच १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीस पोंचलें. महाराष्ट्राच्या बाजूचीं तेहतीस गांवें त्या पाण्याच्या तडाख्यांत सांपडलीं. डोंगरांच्या सोंडा आंत घुसलेल्या, मधल्या नाळ्यांत पाणी भरलेलें, आणि पाड्यापासून पाड्याकडे जाण्याची जुनी पायवाट तळाशीं गेलेली. तेथें नाव ही मौजेची वस्तु नसून तोच रस्ता आहे, तीच बैलगाडी आहे. त्याच पाण्यावर लोकांना औषधपाणी पोंचविण्यासाठीं तरंगते दवाखानेहि सुरू करावे लागले.

२०२० सालीं साथीमुळें लोक घराबाहेर पडेनासे झाले, तेव्हां त्याच भागांतील चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे यांनीं एका मच्छिमाराची लहान होडी घेतली, आणि पाड्यांवरच्या तान्ह्या मुलांचीं वजनें घेण्यासाठीं व गरोदर बायांना पोषक आहार देण्यासाठीं कित्येक महिने जाऊन-येऊन सुमारें १८ किलोमीटरची खेप त्या स्वतः वल्हीं मारून करीत राहिल्या. ही हकीकत त्या वेळीं देशभर गाजली. ती वाचतांना मला प्रथम त्यांच्या धैर्याचें कौतुक वाटलें, आणि मग शिक्षकी पेशाच्या संवयीनें एक साधा प्रश्न मनांत आला. वाटेनें इंजिनाची एखादी नाव जात असेल, तर ही लहान होडी तिच्या मागें बांधून घेतां येणार नाहीं काय? मोठी नाव उथळ कांठाला लागत नाहीं, बुडालेल्या झाडांच्या खोडांमधून शिरत नाहीं. लहान होडी सर्वत्र शिरते, परंतु लांबचा पल्ला तिला झेपत नाहीं. मोठीनें लहानीला पल्ला पार करून द्यावा आणि लहानीनें शेवटचें चारशें हात अंतर कापावें, यापरती काटकसर ती कोणती?

या प्रश्नाचें उत्तर ‘होय’ असें आहे. परंतु त्या ‘होय’च्या मागें बऱ्याच अटी आहेत. त्याच आज आपणांपुढें मांडावयाच्या आहेत. कारण होडी मागें बांधणें ही गोष्ट जितकी सोपी दिसते तितकी ती नाहीं. बैलगाडीच्या मागें वांसरूं बांधावें तशी होडी बांधणाऱ्याची होडी तरी जाते, नाहीं तर हात तरी जातो.

प्रथम हिशेबाची बाजू पाहूं. पाण्यांतून एखादी वस्तु ओढतांना जी ओढ लागते ती वेगाच्या प्रमाणांत वाढत नाहीं, वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं चार किलोमीटर वेगानें जातांना दोरावर पांच किलोंचा ताण येत असेल, तर ताशीं आठ किलोमीटरला तो दहा नव्हे, वीस किलो होतो. ओढीव होडीच्या लांबीप्रमाणें एक मर्यादाहि ठरलेली असते. होडीचा जितका भाग पाण्याला टेकलेला आहे त्याची लांबी मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढावें आणि त्याला साडेचारांनीं गुणावें; जें उत्तर येईल तितके किलोमीटर ताशीं, हा त्या होडीचा सुखाचा शेवटचा वेग. चार मीटरांच्या होडीसाठीं चाराचें वर्गमूळ दोन, आणि दोन साडेचार नऊ. नवाच्या पुढें गेलें कीं होडी आपल्याच उठविलेल्या लाटेवर चढूं पाहते, नाळ आकाशाकडे जाते, पिछाडी पाण्यांत रुतते आणि इंजिन नुसतें तेल पितें. म्हणून चार मीटरांची होडी मागें असतां ताशीं सहा किलोमीटरनें जाणारा माणूस खरा शहाणा. त्याचा वेळ थोडा जातो, परंतु डिझेल वांचतें, दोर वांचतो आणि होडीहि वांचते. नदीला ओघ असेल तर हा वेग कांठावरून मोजावयाचा नसून पाण्यापासून मोजावयाचा, हेंहि ध्यानांत ठेवावें. होडीला कांठ कळत नाहीं, पाणी कळतें.

आतां दोराविषयीं. आपल्याकडे घरोघर अंबाडीचा दोर असे. मोटेचा नाडा आणि सोंदूर वळणारे हात खेडोपाडीं होते. विहिरीवर तो उत्तम, परंतु होडी ओढण्यास नव्हे. तो भिजला कीं जड होतो, बुडतो आणि आंतून कुजतो. समुद्रावरच्या जुन्या लोकांनीं ओढीसाठीं काथ्याचा दोर पसंत केला होता, आणि त्यांत मोठें शहाणपण होतें. काथ्या ताकदीनें कमी. पण तो पाण्यावर तरंगतो आणि ताणला असतां लांबतो. ओढीच्या दोराला हे दोन गुण हवेत. तो लवचीक हवा, म्हणजे लाटेच्या प्रत्येक हिसक्याचा मार खुंट्यावर बसत नाहीं. आणि तो तरंगता हवा, म्हणजे मोठ्या नावेचा वेग मंदावतांच सैल पडलेला दोर खालीं जाऊन तिच्या पंख्यांत गुरफटत नाहीं.

आज बाजारांत दोन जाती मिळतात. नायलॉनचा दोर चांगला लांबतो व बळकट असतो. दहा मिलिमीटर जाडीचा चांगला नवा दोर हजार किलोंहून अधिक ताण सोसतो. पण तो बुडतो. पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो व तरंगतो. परंतु तो कमी लांबतो आणि आपल्या खानदेशच्या उन्हांत लवकर ठिसूळ होतो. गरीबाच्या होडीला मी दुसराच सुचवीन, मात्र काम झालें कीं तो सांवलींत ठेवावा आणि हातांत घेतल्यावर त्याचा भुगा पडूं लागला कीं निःसंकोच टाकून द्यावा. नायलॉनचाच दोर घरांत असेल तर त्याच्या मधल्या भागाला दोन-तीन रिकामे, झांकण घट्ट लावलेले डबे बांधावे. आमच्या लहानपणीं पोहावयास शिकणारीं मुलें वाळलेल्या भोपळ्यांची सांगड कमरेला बांधून डोहांत उतरत. हे डबे म्हणजे दोराची सांगडच. लवचीकपणा कमी वाटला तर मोटारीच्या जुन्या ट्यूबची पट्टी दोराच्या मध्यें अशी बांधावी कीं रबर ताणलें जावें, पण तें तुटलें तरी दोर अखंड राहावा. जेथें दोर लांकडाच्या कडेवर घांसतो तेथें बागेंतल्या जुन्या नळीचा तुकडा चढवावा. या साऱ्याला खर्च कितीसा येणार? जें अडगळींत पडलें आहे तेंच येथें उपयोगीं पडतें.

दोराच्या बळाविषयीं आणखी एक सूचना. दुकानदार जो आंकडा सांगतो तो तुटण्याचा आंकडा असतो, वापरण्याचा नव्हे. वापरावयाचा ताण त्याच्या पांचव्या हिश्शाहून अधिक नसावा. कारण गांठ मारली कीं बळाचा तिसरा किंवा अर्धा भाग तेथेंच खर्ची पडतो, आणि ऊन, वाळू व जुनेपणा आपापला वांटा वेगळा घेतात.

दोर बांधावा कोठें? मागल्या होडीच्या नाळेवर जितक्या खालीं, पाण्याच्या जवळ, बळकट कडी बसवितां येईल तितकी चांगली. दोर खालून ओढूं लागला कीं नाळ वर उचलली जाते आणि होडी पाणी कापीत येते. तोच दोर नाळेच्या माथ्यावर बांधला तर नाळ खालीं दाबली जाते, होडी डावीउजवीकडे भरकटते आणि एखाद्या लाटेंत तोंड खुपसून भरते. पुढल्या नावेवर दोर एकाच कोपऱ्याला बांधूं नये. पिछाडीच्या दोन्ही कोपऱ्यांपासून दोन शाखा आणून मधोमध जोडाव्या, म्हणजे ओढ दोन्हीकडे सारखी वांटली जाते व सुकाणूं एका अंगाला ओढलें जात नाहीं.

लांबी किती ठेवावी? मोकळ्या पाण्यावर निदान तीन-चार होड्यांइतकी. मोठ्या नावेमागें लाटांची जी रांग चालते तिच्याकडे पाहावें. मागली होडी लाटेच्या पुढल्या उतारावर आली तर ती घसरत येऊन आपल्या पिछाडीला धडकते. तिला माथ्याच्या किंचित मागें ठेवावी. नाळ थोडी वर, दोर सतत ताणलेला, पण कधींहि हिसका न देणारा. दोन-चार हात दोर सोडून किंवा आंवळून ही जागा सांपडते, आणि एकदां सांपडली कीं ओढ हलकी झाल्याचें इंजिनाच्या आवाजावरून कळतें. अरुंद नाळ्यांत किंवा धक्क्यापाशीं मात्र लांब दोर कामाचा नाहीं. तेथें होडी जवळ घेऊन नावेच्या बाजूस, मधें जुने टायर घालून, पुढें व मागें घट्ट बांधावी. दोन नावा अशा जोडून एक करण्यालाहि आपल्या भाषेंत सांगडच म्हणतात, आणि ‘सांगड घालणें’ हा आपला नित्याचा वाक्प्रचार आहे.

गांठीविषयीं सांगावयाचें तर निरगांठ नको, सुरगांठ हवी. खुंट्याभोंवतीं दोन-तीन पूर्ण वेढे घ्यावे; ताण ते वेढे सोसतात. वरची सुरगांठ फक्त त्या वेढ्यांना जागेवर ठेवते, आणि एका हिसक्यानें सुटते. मागली होडी भरून बुडूं लागली तर तिला सोडून देण्यास क्षणभरच मिळतो. म्हणून खुंट्याशेजारीं एक धारदार कोयता उघडा मिळेल असा ठेवावा. आणि ताणलेल्या दोराच्या रेषेंत कोणीहि, विशेषतः मुलांनीं, उभें राहूं नये. ताणलेला नायलॉन तुटला कीं चाबकासारखा मागें येतो. त्यानें डोळे गेल्याचीं व हाडें मोडल्याचीं उदाहरणें बंदरांवरच्या लोकांना ठाऊक आहेत.

येथपर्यंत साध्या होडीचें झालें. परंतु शहरांतील तरुण मंडळींना आतां एक निराळेंच वाहन आकर्षूं लागलें आहे. कोंकणच्या किनाऱ्यावर सुट्टींत गेलेल्यांनीं पाण्यावर धांवणाऱ्या स्कूटरी पाहिल्या असतील. त्यांतलाच एक प्रकार उभ्यानें चालविण्याचा. त्याला बसावयास जागा नसते; गुडघे टेकून किंवा उभें राहून, पुढला दांडा धरून तोल सांभाळावयाचा. अमेरिकेंतील क्लेटन जेकबसन यांच्या कल्पनेवरून हें यंत्र निघालें आणि १९७३ सालीं कावासाकी या जपानी कंपनीनें तें बाजारांत आणलें. ‘जेट स्की’ हें त्याचें नांव मग साऱ्याच पाणस्कूटरींना चिकटलें. असें जुनें यंत्र स्वस्तांत मिळालें कीं उत्साही माणूस तें नावेमागें बांधून सहलीला न्यावयास निघतो, आणि परत येतो तो बिघडलेलें इंजिन घेऊन. असें कां व्हावें, याचें कारण मोठें बोधप्रद आहे.

या यंत्राला बाहेर पंखा नसतो. तळाशीं एक जाळी असते. तेथून पाणी आंत ओढून पंप तें मागल्या तोटींतून जोरानें फेंकतो, आणि त्या धक्क्यानें यंत्र पुढें धांवतें. त्याच पंपांतून थोडें पाणी एका नळीनें इंजिन थंड ठेवण्यासाठीं जातें व शेवटीं धुराबरोबर बाहेर पडतें. इंजिन चालू असतां धूर त्या पाण्याला बाहेर लोटीत असतो. परंतु इंजिन बंद करून यंत्र वेगानें ओढलें, तर पाणी जाळींतून आंत घुसतें, नळींतून वर चढतें आणि त्याला बाहेर लोटावयास धूर नसतो. तें धुराच्या मार्गांत सांचतें आणि तेथून उलट इंजिनाच्या पोटांत उतरतें. हवा दाबतां येते, पाणी दाबतां येत नाहीं. म्हणून पुढें कळ दाबतांच आंतला दांडा वांकतो, आणि स्वस्तांत घेतलेलें यंत्र फार महाग पडतें.

याला उपाय दोन, आणि दोन्ही अल्प खर्चाचे. पहिला उपाय हळू जाण्याचा: ताशीं आठ किलोमीटरच्या आंत, म्हणजे भरभर चालणाऱ्या माणसाइतक्या वेगानें. दुसरा उपाय, पंपाकडून इंजिनाकडे जाणारी ती थंड पाण्याची नळी चिमट्यानें दाबून बंद करण्याचा. तसा चिमटा थोडक्या पैशांत मिळतो. पण दांड्यावर एक लाल फडकें बांधून ठेवावें, कारण चिमटा न काढतां इंजिन सुरू केलें तर पाण्यावांचून तें तापून जळेल. आणि सर्वांत स्वस्त उपाय विचाराल तर असें यंत्र पाण्यांतून ओढूंच नये. त्याचें वजन बरेंच असतें. चारचाकीमागें लहान गाडा जोडून तें रस्त्यानें न्यावें आणि इष्ट ठिकाणीं पाण्यांत उतरवावें. कधीं गाडीवर नाव, तर कधीं नावेवर गाडी, असें आपले वाडवडील म्हणत आलेच आहेत. येथें गाडीवरची नावच बरी.

आतां या भाषणांतील सर्वांत महत्त्वाचा भाग. दोर, गांठ आणि वेग यांचे सारे नियम रिकाम्या होडीसाठीं आहेत. ओढीच्या होडींत माणसें बसवूं नयेत. तिला स्वतःचें बळ नसतें, थांबणें तिच्या हातीं नसतें, आणि वळणावर ती बाहेर फेंकली जाऊन एका क्षणांत कुशीवर होते. सामान ठेवावयाचें तर थोडें, तळाशीं आणि मध्यापासून जरा पिछाडीकडे, घट्ट बांधून ठेवावें. सुकाणूं धरण्यासाठीं माणूस बसणें अगदीं अपरिहार्यच असेल, तर तो एकच असावा, पोहणारा असावा आणि त्याच्या अंगावर तरंगणारें जाकीट असावें.

हें मी इतक्या आग्रहानें कां सांगतों? पैशाची काटकसर आणि जिवाची काटकसर यांत आपला समाज अनेकदां पहिलीचीच बाजू घेतो. फेऱ्या दोन पडतील म्हणून एकाच नावेंत दुप्पट माणसें घ्यावयाचीं, त्यांतहि जागा नाहीं म्हणून मागल्या होडींत पांच-सात बसवावयाचीं, हा मोह कोणाला होत नाहीं? २०१९ सालच्या संक्रांतीला अक्राणी तालुक्यांतील भूषा येथें नर्मदेंत माणसांनीं भरलेली नाव उलटली. सणासाठीं निघालेलीं माणसें होतीं तीं. मृतांत लहान मुलेंहि होतीं. तेथें होडी मागें बांधलेली नव्हती, हें मला ठाऊक आहे. परंतु नाव कशामुळें बुडते हें समजण्यास तें एक उदाहरण पुरें आहे. नाव आपल्याला किती माणसें झेपतील हें सांगत असते. पाण्याच्या वर तिची जी कड उरते, ती तिची भाषा. ती कड हातभरावरून वितीवर आली कीं तिनें आपलें म्हणणें सांगून टाकलेलें असतें. ऐकणें न ऐकणें आपल्याकडे.

तापीच्या कांठच्या लोकांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. हतनूरला ४१ दरवाजे आहेत. वर बऱ्हाणपूर-बैतुलाकडे पाऊस झाला कीं आपल्या डोक्यावर ऊन असतांनाहि ते उघडावे लागतात, आणि खालीं पाणी चढूं लागतें. पावसाळ्यांत सूचना ऐकल्यावांचून नाव सोडूं नये, आणि ओढीची होडी तर मुळींच बांधूं नये. ओघांत मागली होडी पुढें धांवून दोराचा फांस आपल्याच नावेभोंवतीं कसा घालते, हें पाहावयास दुसरी संधि मिळत नाहीं. प्रकाशें येथें एका वृद्ध मच्छिमारास मी एकदां विचारलें, “बाबा, इतकीं वर्षें पाण्यावर काढलींत, भीति वाटत नाहीं?” तो आपल्या अहिराणींत म्हणाला, “गुरजी, पानीना काय भरोसा!” चाळीस वर्षें त्या पाण्यावर पोट भरलेल्या माणसाचें हें उत्तर होतें. ज्याला पाणी कळतें त्यालाच त्याचें भय असतें. निर्भय असतो तो सहलीला आलेला.

सरकारनेंहि या बाबतींत नियम केलेले आहेत. १९१७ सालचा जुना कायदा जाऊन २०२१ सालीं देशांतर्गत जलवाहनांचा नवा कायदा झाला. परंतु नदीच्या प्रत्येक वळणावर शिपाई उभा करतां येत नाहीं. तेथें शेवटीं नावाड्याचा विवेक आणि उतारूंचा आग्रह हाच कायदा. “आम्ही दुसऱ्या खेपेनें येऊं” असें म्हणणारा एक उतारूहि नावेंत असला, तर त्याचें पाहून दुसराहि उतरतो.

श्रोतेहो, वेळ संपत आला. सांगितलेलें थोडक्यांत पुन्हां सांगतों, कारण उजळणीवांचून पाठ पुरा होत नाहीं. दोर तरंगता व लवचीक असावा. मागल्या होडीला तो नाळेच्या खालच्या अंगास आणि पुढल्या नावेला दोन्ही कोपऱ्यांस बांधावा. लांबी तीन-चार होड्यांची, चाल सावकाश, गांठ सुरगांठ आणि कोयता हाताशीं. पाणस्कूटर असेल तर नळीला चिमटा, आणि सुरू करण्यापूर्वीं तो काढण्याची आठवण. ओढीच्या होडींत माणसें नाहींत, आणि पुढल्या नावेंत प्रत्येकाच्या अंगावर जाकीट.

आपणांपैकीं बहुतेकांना स्वतः होडी ओढण्याचा प्रसंग कदाचित् येणार नाहीं. परंतु दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टींत आपण मुलांना घेऊन कोठें तरी नावेंत बसणारच. त्या वेळीं बसण्यापूर्वीं एकदां पाण्यावर किती कड उरली आहे तें पाहावें, जाकिटें मागून घ्यावीं, आणि मागें एखादी होडी बांधलेली असेल तर तिच्यांत मौजेनें बसूं पाहणाऱ्या पोराला हाताला धरून खालीं उतरवावें. पोर रुसेल, रुसूं द्यावें.